लाखावर एक

मांजरी, पुणे.

तीर्थस्वरूप सत्यशीलाआत्या, तुझ्या भाच्याचा, म्हणजे उत्तरेश्वरचा, वाकून नमस्कार.

दसऱ्यापासून तुला लिहायचं टाळतोय. आधी पेन नव्हतं, पेन मिळालं तर हिंजवडीतली खोली गेली. गुडघे कसे आहेत? (तुझ्यासाठी घेतलेलं तेल माझ्याच पाठीला लागलं, राग मानू नकोस.)

मी हल्ली मंडप-रोषणाईच्या धंद्यात आहे. (मधे ड्रोन शिकत होतो, ड्रोन कॅनॉलमध्ये आहे.) बाबांनी बजावलंय, पहिलं काम फसलं तर गुमान धाराशिवला येऊन दुकानात बसायचं. तर पहिलं काम इथल्या माझ्या घरमालकांचं, गेनबाकाकांचं. हृदयाचं ऑपरेशन पार पडलं म्हणून त्रिपुरी पौर्णिमेला देवळापासून नदीकडे एक लाख एक दिवे लावायचा त्यांचा नवस. ओळी सरळ, सारख्या, एकही दिवा सुटा नको. मी लगेच ‘जमेल’ म्हणालो. कुणी काही विचारलं की मी तेच म्हणतो.

रात्री भागायला बसलो. शेवटी एक, म्हणून दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज दोन, म्हणून तीन बाद. सातने भागलं, सहा उरले. मग तुझी अकराची युक्ती आठवली, एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या, दोन्ही सारख्या आल्या, आणि भाग गेला! अकरा ओळी, प्रत्येकीत नऊ हजार एक्याण्णव दिवे. फूटभर अंतर धरलं तर ओळ पावणेतीन किलोमीटर. (नुसता लाख असता तर चारशे ओळींत देवळाच्या पटांगणातच मावला असता. पण शून्यावर संपलेलं देवाला चालत नाही ना.)

काका म्हणाले, “दुसरी काय वाट हाय का न्हाय?” मी म्हणालो, “आकडाच तसा आहे.” तर त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. कारण देवळापासून नदीपर्यंतची सरळ रेघ जाते मथुराबाईंच्या उसाच्या रानातून. मथुराबाई म्हणजे काकांची सख्खी बहीण. वडिलांच्या जमिनीत बाईंनी वाटा मागितला, तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. दोन दिवस काका बांधापर्यंत जाऊन परत येत होते. शेवटी मलाच पाठवलं, “आकडा अडलाय म्हन. मी सांगितलं म्हनू नको.” बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आकडा अडलाय का म्हातारा?” आणि दार लावलं.

पौर्णिमा परवावर आली आहे. तरी मला वाटतं, होईल काहीतरी. तुझी प्रकृती जप.

तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी, की नऊ हजार एक्याण्णवला आणखी कशाने भाग जातो का, तेवढं बघ. मी एकतीसपर्यंत भागून पाहिलं, मग चहा आला. काकांना मात्र देवळात उभं राहून शपथेवर सांगितलंय की दुसरी वाटच नाही. भाग जात असेल तर पोटात ठेव, मलाही कळवू नकोस.

ता. क. दुसरा. थांब, ट्रॅक्टर आलाय. वर ड्रायव्हरशेजारी मथुराबाई! मलाच ओरडून म्हणतायत, “ए आकडेवाल्या, ऊस गेला कारखान्याला. इचार तुझ्या म्हाताऱ्याला, रान कुठवर सपाट करायचं?” मी विचारायला वळलो, तर काका टोपी न घालताच बाहेर आलेत आणि माझ्या डोक्यावरून थेट तिलाच सांगतायत, “नदीपतुर, मथे. आन् आदी खाली उतर, च्या घे.”