बालसंगोपनात सासरेबुवा नापास

४ मार्च
सापळा लावला! ऑफिसात फक्त साहेबांना माहीत आहे. घरबसल्या पदविका देणाऱ्या एका संस्थेने आमच्या मान्यता कार्यालयाकडे अर्ज केलाय. आमच्या यादीत नाव आलं की त्यांची पदविका परदेशातही चालणार. मला तर वास येतोय – फी भरा, कागद घ्या, त्यातलीच ही! साहेब म्हणाले, "चाचणीचा विद्यार्थी घुसवा. असा, की तो पास झाला तर जग हसेल."

असा माणूस माझ्या घरातच आहे. सासरेबुवा! जन्मभर बंदरावर क्रेन चालवली. त्यांना घातलं बालसंगोपनाच्या पदविकेला.

"बाबा, उत्तरं मुद्दाम वेडीवाकडी लिहायची हं."

"त्याला मुद्दाम कशाला लागतंय?" म्हणाले.

१९ मार्च
पहिली उत्तरपत्रिका रवाना. नवरा आणि मी पोट धरधरून हसलो. बाळ रात्री झोपत नसेल तर काय कराल? – "शिफ्ट बदलून घेईन." बाळाला उचलण्यापूर्वी काय पाहाल? – "आकडा, साखळी, आणि खाली कुणी उभं नाही ना."

आता यावर पदविका देतात की नाही बघाच! संस्था माझ्या खिशात.

२ एप्रिल
नापास!!

शंभरात चार. वर लाल शाईत शेरा: "खाली कुणी उभं नाही ना हे पाहणं स्तुत्य. त्याचेच चार गुण. मान कुठे धरणार ते लिहिलेलं नाही."

माझा सापळा रिकामा. आणि सासरेबुवा जेवायचे थांबले. "मी नापास? आयुष्यात एक पेटी पाडली नाही मी!" भाजी वाढेपर्यंत हेच. ताक वाढेपर्यंतही हेच.

३ एप्रिल
संस्थेच्या बाईंचा फोन. माझ्यासाठी नाही, सासरेबुवांसाठी! मी दाराला कान लावून. "हो बाई. नाही बाई. चुकलं बाई." या घरात हा माणूस कधी 'चुकलं' म्हणाल्याचं मला आठवत नाही. नवऱ्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना.

२१ एप्रिल
नणंदेचा परदेशातून फोन – दिवस गेलेत! ऑक्टोबरात बाळ. सगळे एकदम बोलत होतो, कुणाचं कुणाला कळत नव्हतं. त्यात सासरेबुवा म्हणाले, "मी येतो की बाळाला सांभाळायला!"

ती हसली. "बाबा, मला तरी कधी उचललं होतंत? आम्ही शिकलेली बाई बघतोय. इथे मान्यतेची पदविका असल्याशिवाय कुणी कुणाच्या हातात मूल देत नाही."

चेष्टेतच म्हणाली ती. ते हसले नाहीत. गॅलरीत जाऊन उभे राहिले, अंधार पडेपर्यंत. मला फार वाईट वाटलं.

१२ मे
आमच्याकडेही बाळ आलंय. टॉवेलात गुंडाळलेली पिठाची पिशवी, फेरपरीक्षेच्या सरावाला! सासरेबुवा तिला मांडीवर घेऊन पेपर वाचतात. आज नवरा सोफ्यावर धपकन बसला, तर केवढ्याने ओरडले – "अरे, बाळ!" नवऱ्याने घाबरून पिशवीची माफी मागितली.

८ जून
पाठ थोपटून ढेकर काढताना बाळ फुटलं. मी पीठ झाडतेय आणि सासरेबुवा गंभीरपणे स्वतःला बजावतायत – "हात हलका हवा."

१५ जुलै
ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून मी चक्क झोपले. साहेबांनी पाहिलं! चहाचा तर वासही नको झालाय. अहवालाचं टेन्शन असणार, दुसरं काय. बाकीच्या तपासण्यांतही संस्था चोख निघालीय. 'मान्यता द्यावी' असं मलाच लिहावं लागणार. मला, जिला वास आला होता!

२९ जुलै
सासरेबुवा पास! शंभरात एकाहत्तर! शेजाऱ्यांना दाखवून आले, वॉचमनला दाखवून आले, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईंनाही सोडलं नाही.

आणि मला नियम आठवला. चाचणीच्या विद्यार्थ्याची पदविका अहवाल जाईल त्याच दिवशी रद्द होते. मीच हा नियम ऑफिसभर ऐकवत फिरते! म्हणजे संस्थेला मान्यता द्या म्हटलं, की बाबांच्या हातातला कागद रद्दी. नको म्हटलं, तर तिकडे तो कुणी बघणारसुद्धा नाही. कुठूनही गेलं तरी बाबांचं बाळ जातंय, आणि नेणारी मी. जेवण गेलं नाही.

३१ जुलै
सांगून टाकलं. वर बघायची हिंमत होईना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसत सुटले.

"सूनबाई, तुझा विद्यार्थी एप्रिलातच नापास झाला की! त्याला खुशाल रद्द कर. बाईंचा फोन आला ना, त्याच दिवशी मी नव्याने नाव घातलं. माझ्या पेन्शनीतून!"

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू मला आधी सगळं खरं सांगितलं होतंस वाटतं?"

सापळा कुणी कुणाला लावला होता, कळेना.

७ ऑगस्ट
साहेबांना अथपासून इतिपर्यंत सांगितलं. सासरे, पिशवी, सगळं. ते हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. म्हणाले, "घरचा माणूस गुंतलाय, तुम्ही बाजूला व्हा." सगळी फाईल त्यांनी स्वतः नव्याने तपासली आणि सही केली. संस्था यादीत!

नणंदेला पदविकेचा फोटो पाठवला. लगेच फोन आला. म्हणाली, "बाबा, तिकीट काढा."

"आधी मला विचार," सासरेबुवा म्हणाले, "मान कुठे धरायची ते विचार!"

९ ऑगस्ट
सासरेबुवांनी तिकीट काढलं. परतीचंही – फेब्रुवारीचं. म्हटलं, "इतक्या लवकर का परत, बाबा?"

"मार्चमध्ये इथे लागेन ना मी," म्हणाले, आणि माझ्यापुढचा चहा उचलून तिथे लिंबाचं सरबत ठेवून गेले.

मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. या पानालासुद्धा नाही!