तीन मिनारांचा रुपया

मामंजी, आईनं माझ्या ओटीत घातलेला रुपया तुम्ही हातात घेतलात, ती दुपार आज सकाळपासून डोळ्यांपुढं आहे. मी तलवाड्याहून नुकतीच धारूरला तुमच्या घरी सून म्हणून आले होते. निजामाचा चारमिनारी रुपया होता तो. एका बाजूला चारमिनार नेहमीसारखा उठलेला, आणि पलीकडं, जिथं अक्षरं हवीत तिथं, तोच चारमिनार उलटा होऊन आत दबलेला. चुलतसासूबाईंनी तो सगळ्या बायकांना फिरवून दाखवला. "बगा बायांनो, इहीणबाईनं पोरीच्या ओटीत खोटा रुपया घातला." बायका हसल्या. वडलांमागं आईनं शेळ्या सांभाळून मला वाढवलं होतं. ही गोष्ट तलवाड्याला पोचली तर ती कुणाला तोंड दाखवणार नाही, एवढंच मला कळत होतं.

रुपया ओसरीवर तुमच्याकडं गेला. तुम्ही तो दगडावर वाजवलात, तराजूत तोललात आणि सासूबाईंना म्हणालात, पण माजघरात मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "चांदी चोख हाय. टांकसाळीत आदला रुपया साच्याला चिकटून बसला, आन् तसाच पुढल्या कोऱ्या तुकड्यावर आदळला. म्हून त्याचं तोंड ह्याच्यात उमटलंय. कुणी हातोड्यानं ठोकलं असतं तर दुसऱ्या अंगाचा चारमिनार चेपला असता. त्यो बगा कसा ताठ हाय. चूक यंत्राची हाय, इहीणबाईची न्हाई." आणि तलवाड्याला जाणाऱ्या माणसाजवळ आईला निरोप धाडलात, की रुपया लई नवलाचा हाय, आमी जपून ठेवलाय.

सासऱ्यासमोर सुनेनं पदर पुढं ओढून मान खाली ठेवायची, बोलायचं नाही, हा घरचा रिवाज. तुम्हाला जुन्या नाण्यांचा नाद, बाजारच्या दिवशी जो तो वेगळं दिसलेलं नाणं तुम्हाला आणून दाखवी. त्या दिवसानंतर तुम्ही दुपारी एका ताटलीत नाणी ठेवायचात, ती उंबऱ्याशी सरकवायचात आणि सासूबाईंना सांगायचात, "तिला म्हणावं, निवडून दे." टांकसाळीत चुकलेलं नाणं मी डावीकडं ठेवायची, मागून कुणी बिघडवलेलं उजवीकडं. मधे बसलेल्या सासूबाई वैतागायच्या. "तुमा दोगांचं काय चाललंय? मला तर समदे पैसेच दिसत्यात." माझं चुकलं तर तुम्ही काही म्हणायचा नाहीत, ते नाणं तेवढं परत यायचं. म्हणजे पुन्हा बघायचं. नाणं साच्याखाली सरकलं तर अक्षरं तुटतात, पण वजन भरतं, आणि दागिन्यात ओवायला नाण्याला जोडलेली कडी काढली की तिथं डाग राहतो, हे मी अशीच शिकले.

तीन मिनारांचा रुपया मात्र तुमचा जीव की प्राण होता. पाहुणा आला की तो बाहेर निघायचा. साच्यात तेलाचा मळ साचला म्हणून चौथा मिनार उमटलाच नाही, असं तुम्ही कौतुकानं सांगायचात. एक दिवस तोही ताटलीत आला. मी उजेडात तिरपा धरला. मिनाराची कोरी जागा आजूबाजूपेक्षा किंचित खोल होती, आणि तिच्यात केसासारख्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेला. मी पुन्हा पाहिलं. मग रुपया उजवीकडं ठेवला. "अगं, त्यो त्यांचा हाय," सासूबाई कुजबुजल्या. "ठावं हाय," मी म्हटलं.

ताटली ओसरीवर गेली. मग तुमची पावलं दाराशी थांबली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही थेट मला विचारलंत, "ह्यो उजवीकडं कावून, सूनबाई?"

"मामंजी, मिनार उमटलाच नसता तर ती जागा बाकीच्यावानी सपाट राहिली असती. हितं खोलगट हाय. आन् कानशीच्या रेगा हायत. कुणीतरी घासून काढलाय."

तुम्ही रुपया घेऊन अंगणात उन्हात जाऊन आलात. आलात तेव्हा तुमच्या आवाजात हसू होतं. "लई वर्सं मिरवला की म्या ह्याला! आता तुज्या सासूला मधी कशाला शिणवायचं? मलाच सांगत जा." सासूबाई "सुटले बाई" म्हणत उठल्या. पुढं पाहुण्यांना तुम्ही तो रुपया दाखवतच राहिलात, फक्त सांगायचात वेगळं, "ह्याची लबाडी आमच्या सूनबाईनं धरली."

आता माझी नात ती नाणी उन्हात मांडून बसते. तिची नजर माझ्याहून तिखट आहे, काल तिनं माझाच एक निवाडा फिरवला, आणि मला केवढं बरं वाटलं! मग तिनं विचारलं, पणजोबा दिसायला कसे होते? मी तिला तुमची बोटं सांगितली, धोतराचा काठ सांगितला, वहाणांची करकर सांगितली. "आणि चेहरा?" ती म्हणाली.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. मामंजी, इतकी वर्षं आपण बोललो, पण मी मान वर करून तुमच्याकडं कधी पाहिलंच नाही. तुमचा चेहरा मला ठाऊक नाही.