बर्फ कारखान्याचं पान

३ जून, मंगळवार
सापडलं! आपल्या बर्फ कारखान्यातल्या वायुगळतीवर विश्वकोशात चक्क एक अख्खं पान आहे. म्हणजे इंटरनेटवरचा तो विश्वकोश — कुणीही यावं, काहीही लिहावं. 'दुर्घटना' तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली! तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, हात शिवशिवले. अकरा चुका काढल्या. चहा पार गार. मजा आली!

४ जून
पण वडिलांचा उल्लेखच नाही! त्या दुपारी सगळे पळाले आणि अण्णा एकटे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून राहिले, कारखान्याला अगदी लागून. जिथे जिथे फोन होता तिथे लावत गेले — 'सगळं टाका, शेजाऱ्यांना घ्या, टेकडीकडे निघा.' ते स्वतः कधी बोलले नाहीत, आई सांगायची. आम्ही दोघं भावंडं ते ऐकतच वाढलो.
दोन ओळी घातल्या. दादाला फोन केला. "आता जगाला कळेल," म्हणाला.

५ जून
उडवलं!!

६ जून
उडवणाऱ्याच्या नावापुढे घुबडाचं चित्र. 'संदर्भ द्या' — एवढंच. मी लिहिलं, 'मी त्यांची मुलगी आहे.' घुबडाचं उत्तर: 'म्हणूनच, ताई.'
तळपायाची आग मस्तकात गेली. मग भाजी चिरता चिरता हसूच फुटलं. छापखान्यात भल्या भल्या लेखकांना मी तरी काय सुनवायचे? तुमचं वाटणं बाजूला ठेवा, मूळ प्रत दाखवा.

११ जून
वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंनी जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड काढून दिले. शिंकून शिंकून नाक लाल! शेवटी सापडली बातमी, घटनेनंतर चौथ्या दिवशीची, पान तीन. 'टेलिफोन ऑपरेटर भगिनीने जीव धोक्यात घालून वस्तीला सावध केले.'
भगिनीने!
खाली नाव, शेजारी फोटो — जाड चष्मा, कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत. अण्णांचं नाव कुठेच नाही. तीनदा वाचलं. मुद्रणदोष म्हणावा तर तेवढीही जागा नाही. ग्रंथपाल बाईंनी न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला.

१२ जून
काही लिहावंसं वाटत नाही.

१४ जून
दादा म्हणतो, "गप्प बस. जुन्या पेपराचं तिसरं पान बघायला जातंय कोण?"
मी बघितलंय ना!
सकाळी बसले आणि त्या बाईंचं नाव, बातमीची तारीख, पान क्रमांक, सगळं नीट घातलं. अण्णांच्या ओळी परत घातल्या नाहीत. घुबड म्हणालं, 'आभार, ताई. स्वतःच्या विरुद्ध संदर्भ आणणारे फार थोडे.' दादा फोन उचलत नाहीये. उचलेल. मला मात्र हलकं वाटतंय, खरंच. अण्णा त्यामुळे काही कमी झाले नाहीत. दुपारी छान झोप लागली.

२० जून
दादाचा फोन! आधी इकडचं तिकडचं, गुडघे, पाऊसपाणी. मग हळूच, "त्या चष्मेवाल्या बाई आहेत का गं अजून?"
तशीच वाचनालयात गेले. त्या चष्मेवाल्या बाईंची नात तिथली सभासद निघाली! ग्रंथपाल बाईंपाशी माझा नंबर ठेवून आले. भेटल्या तर मनापासून आभार मानायचे.

२३ जून
त्यांचाच फोन आला. आवाज बारीक, पण खणखणीत. नातीने पान वाचून दाखवलं म्हणे.
"अगं, खोटं आहे ते. वास आला तशी सगळ्यांत आधी मी पळाले. एकटा बसून राहिला तो तुझा बाप. पण बातमीदार आला तेव्हा त्याने माझं नाव सांगितलं. साहेब मला कामावरून काढायच्या बेतात होते, घरी तान्हं मूल. पेपरात फोटो आल्यावर काढतंय कोण? आता तरी खरं लिही बाई."
मी म्हटलं, "नाही लिहिता येणार, काकू. संदर्भ नाही."