गाद्यांच्या दुकानातला आवाज

मंगळवार, संध्याकाळ. नांदेड

रफिकनं लातूरहून रॅपचं नवं कडवं पाठवलं. आवाज नुसता घुमत होता. कॉम्प्युटरवर ईक्यूत आवाजातला खालचा बेस कापला, मधले सूर कापले, तरी घुमणं जाईना. लई चिडलो. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, नंतर मी लावतो, तू कोरडा आवाज पाठव, किती वेळा सांगायचं याला?

मी नांदेडला यायच्या आधी आम्ही त्याच्या घरापुढं, त्याच्या अब्बांच्या गाद्यांच्या दुकानात रेकॉर्ड करायचो. थप्प्यांच्या मधे बसून. नाकात कापूस जायचा, शिंकाच शिंका. पण आवाज कसा, कोरडा ठाक!

शेवटी फोन केला. "रिव्हर्ब कशाला लावलास बे?"

"काहीच लावलं न्हाई यार. आपल्या दुकानातच बसलो होतो. अब्बांनी बंद केलं ना. गाद्या गेल्या सगळ्या."

कापलेलं सगळं परत आणलं. घुमू दे.