कासवीण की पिल्लू

१२ मे
पोचले एकदाची बेटावर. टोकियोहून दिवसभर जहाज, मग सेगावाकाकांच्या होडीतून तीन तास. दोनदा ओकले, तरी हसतच उतरले. काका इथले राखणदार, सत्तरीचे. हातावर भाताचे गोळे ठेवत म्हणाले, "खा पोरी, आता पोटात जागा झालीय."

काम मजेचं आहे. किनाऱ्यावरची जुनी लोखंडी भिंत पाडायची की ठेवायची, ते आमच्या वन्यजीव कार्यालयाला ठरवायचंय. पाडली तर कासविणींना अंडी घालायला वाट मोकळी. ठेवली तर वरची टेकडी ढासळणार नाही, आणि तिथं अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं उडायच्या बेतात आहेत. कुणाची गरज मोठी, ते मी मोजून लिहायचं. काका म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. कासवाचा रस्सा करायचे आणि पक्ष्याच्या पिसांची गादी.

१४ मे
पिल्लं एकोणीस. कासविणींचे माग चार. दोघांनाही अंगातलं मीठ बाहेर टाकावं लागतं; कासविणीचं डोळ्यांतून गळतं, पिल्लाचं चोचीवरून.

भिंत दुहेरी आहे. बाहेर पत्रा, आत काँक्रीट, मधली वाळू वाहून गेलेली. माणूस आडवा जेमतेम मावेल अशी खाच, माझ्या उंचीपेक्षा हातभर जास्त खोल. पत्रा छातीच्या उंचीवर मोठा फाटलाय. चढून आलेली कासवीण कधीकधी खाचेत पडते. एकटीनं उतरायचं नाही, असं काकांनी दोनदा बजावलं.

१६ मे
दक्षिणेला वादळ आहे. काका पाणी आणि बॅटऱ्या आणायला मोठ्या बेटावर निघाले. मलाही चल म्हणाले. मी गेले नाही. पिल्लं आज-उद्या उडतील, मोजणार कोण? "हट्टी आहेस," म्हणाले, आणि जाताना लोणच्याची बरणी ठेवून गेले.

१७ मे, सकाळ
खाचेत कासवीण पडलीय. पलीकडे एक पिल्लू, वाऱ्यानं ढकललेलं. कासविणीला मागं सरकता येत नाही, ती पुढंच रेटत राहते. पिल्लाला उडण्याआधी धावावं लागतं, आणि इथं धावायला जागा नाही. पिल्लू तेवढं उचलून आणते. शिडी लावलीय. पाच मिनिटांचं काम.

दुपार
पायाखालची वाळू खचली. डावा पाय मांडीपर्यंत आत गेलाय, खाली काँक्रीटच्या उघड्या गजांत टाच अडकलीय. हातांनी उकरते, वाळू परत भरते. शिडी कासविणीपलीकडे पडलीय.

रेडिओ वर, पिशवीत. काका बोलतायत. "चिगुसा, जेवलीस का? ... रुसलीस की काय?" मी ओरडतेय. बटण दाबल्याशिवाय त्यांना काही —

दोन वाजता
फटींतून पाणी येतंय. कंबरेला लागलं. कासवीण तरंगली, पाठीचं कवच माझ्या बरगड्यांवर घासतंय. टाच सुटत नाही.

काका : "पोरी, लाटा चढतायत. टेकडीवर जाऊन बस. उजाडताच निघतो."

उजाडताच —

तीन
पाणी फाटलेल्या पत्र्याला लागलं. कासवीण त्यातून गेली. माझ्या हाताखालून, सरळ. मी तिला धरायला पाहिलं, कशासाठी कोण जाणे.

पिल्लूही —

दोघांना पाणी हवं होतं. फक्त पाणी. मला —

पाणी हनुवटीशी. वही डोक्यावर.

काका विचारतायत, आज किती उडाली. "सांग की गं, एक तरी उडालं का?"

हो. एक. पत्र्याबाहेर लाटेवरून धावत गेलं, मी डोळ्यांनी पाहि