बॉनेटची डावी नाकपुडी

वर्षा,

तुझी आई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आपल्या जुन्या पिकअपच्या बॉनेटवर खडूने खुणा करत होतो. त्या खुणांवर बसवायच्या दोन शोभेच्या जाळ्यांची हौस तिचीच. "एवढी देखणी गाडी, पण नाकपुड्याच नाहीत!" म्हणायची. इतक्या दिवसांनी आज उजवी जाळी चिकटवली. झकास दिसते! शेजारचा गोपाल म्हणतो, "काका, आते गाडीले सर्दी व्हई!"

एका नाकपुडीवरच माल घेऊन सुरतजवळच्या कामरेजला निघालोय. भाजीत मीठ जास्त पडलंय, दही घालून खा.

थिनरने पत्रा पुसल्याशिवाय जाळी चिकटत नाही. डावीकडे आईने दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजून आहे. फिकट झालंय, पण मला पुसवेना. संध्याकाळी परत आल्यावर ते पुसताना तू जवळ उभी राहा.

डावी जाळी लावायची राहिली आहे.

बाबा