पाय लांब करायला गाडी

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं मजेत असाल असं धरून चालते.

आधी गोड बातमी. लेक बाळंत झाली, मुलगी झाली. दिवस भरण्याआधी आल्यामुळे जीव एवढासा आहे, पण रडते खणखणीत. डॉक्टर म्हणतात, इतक्यात प्रवास नको. म्हणजे ती इकडे येऊ शकत नाही आणि ह्यांना तिकडे जाता येत नाही. ऑपरेशनपासून गुडघा पट्ट्यात जखडलेला, पाय सरळच्या सरळ. कुठल्याही गाडीत बसवा, पाय दाराबाहेर. रुग्णवाहिका करू म्हटलं तर भडकले. म्हणाले, मी आजोबा म्हणून जाईन, पेशंट म्हणून नाही. जन्मभर डोंगर मोजत हिंडलेला सर्व्हेअर, आता खिडकीपाशी बसून असतो. जेवणावरही मन नाही. मला फार काळजी वाटते रे.

तू ती अमेरिकन गाडी विकतोयस हे मात्र बरं झालं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून घड्याळांचे स्क्रू शोधणाऱ्या माणसाला हा पांढरा हत्ती हवा कशाला? वहिनी तिला सवत म्हणते ते उगाच नाही. आता मागे फिरू नकोस.

कळावे. लोभ वाढू दे, पेट्रोलचं बिल नको.
तुझी ताई


दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. आजी झालीस म्हणून आणखी एक जादा नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि तडक गाडीकडे गेलो. तिची मागची सीट म्हणजे या दारापासून त्या दारापर्यंत सलग कोच. मी पायाला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या बांधल्या आणि गुडघा न वाकवता आत शिरून पाहिलं. दार असं ऐसपैस उघडतं की आधी बूड टेकायचं आणि मागे सरकत जायचं. पाय आपोआप येतो. शेजारीपाजारी जमले. तुझी भावजय हसून हसून पायरीवरच बसली, मग तिनेच माझ्या पाठीशी उशी लावली. पाय लांब केला आणि चक्क डुलकी लागली.

सिनेमावाल्यांना जुन्या गाड्या पुरवणारे गृहस्थ रविवारी गाडी न्यायला येणार होते. त्यांना थोडं थांबा म्हणून कळवलं. त्यांनी जरा नाक मुरडलं, मुरडू देत. भावजींना सांग, रविवारी सकाळी दाढीबिढी करून तयार राहा. आजोबा म्हणूनच जायचं आहे.

तुझ्या रागाचा आणि लोभाचा जुना धनी,
धाकटा


दि. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
उदंड आशीर्वाद.

परत आल्यापासून लिहायला बसते आणि डोळे भरून येतात, म्हणून उशीर. तुझी गाडी रस्त्यावरून धावते कुठे, ती तरंगते! चढावर इंजिन तापलं, तू बॉनेट उघडून उभा राहिलास, तेव्हा एरवी हे करवादले असते. पण मागे पाय पसरून समोरचा उतार कसा मोजला होता ते मला रंगवून सांगत बसले. आणि फोनवर रोज छान आहे म्हणणारी आपली लेक! कुबड्या घेऊन दारात उभे राहिलेले वडील दिसले आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. तिला किती एकटं वाटत होतं ते तेव्हा कळलं मला. नात ह्यांच्या दोन तळव्यांत मावली. आता हे जेवायला मागून घेतात.

काल वहिनीचा फोन आला. ते गृहस्थ पुन्हा आले, आणि भावजींचा पाय वाकेपर्यंत गाडी हलणार नाही असं सांगून तू त्यांना वाटेला लावलंस म्हणे. धाकट्या, तुझ्या गाडीला आजवर ठेवलेली सगळी नावं मी परत घेते. उपकार मानले की तू चिडतोस, तरी मानते.

माया आहेच, ती आता गाडीवरही जडली.
तुझी ताई


दि. ९ एप्रिल

प्रिय मेहुण्यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं अक्षर पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. एरवी पत्र तुमच्या ताई लिहितात आणि मी फक्त पाकीट चिकटवतो. पण हे मीच लिहायला हवं.

पट्टा निघाला. गुडघा वाकतो. काल शेजाऱ्यांच्या चिमुकल्या गाडीत बसून दवाखान्यातून आलो, काही अडचण आली नाही. म्हणजे तुम्ही त्या गृहस्थांना घातलेली अट पुरी झाली आणि तुम्ही गाडी विकायला मोकळे झालात.

त्या दिवशीची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. लेकीच्या दारात गाडी थांबली तशी माणसं धावत आली. मला वाटलं, आता सगळे मला धरायला येणार. पण ती आली होती गाडी बघायला! कुणी दिवे पाहतंय, कुणी चकाकत्या पट्टीवरून हात फिरवतंय. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या पायाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात मी आपला सावकाश, माझा मी उतरलो. तुमचे आभार कसे मानावेत ते मला खरंच कळत नाही.

गरज होती तेव्हा न मागता आणलीत. आता गरज नाही, म्हणून मागतो: विकू नका. बाळाला प्रवासाची परवानगी मिळाली आहे. मायलेकींना आणायला कुठलीही गाडी चालेल, पण माझी नात पहिल्यांदा आजोळी येईल ती याच गाडीतून. आणि या खेपेला मी पुढे बसणार, तुमच्या शेजारी.

लोभ आहेच, गाडीही असावी.
आपला,
भावजी